टिंब कुठे टेकवायचं? अल्पवयीनांचे गुन्हे आणि नकाशे

प्रत्येक शहरात एक ‘तसली’ वस्ती असते. रिक्षावाला तिकडे यायला कुरकुरतो, घर भाड्याने देणारा आधीचा पत्ता ऐकून तोंड वाकडं करतो, आणि अल्पवयीन पोरांनी कोयते नाचवून गाड्या फोडल्याची बातमी पेपरात आली की लोक मजकूर वाचायच्या आधीच निकाल देऊन मोकळे होतात, “त्याच भागातली असणार.” अंदाज कधी बरोबरही निघतो. पण ‘त्याच भागातली’ म्हणजे नेमकं काय? ती पोरं तिथे राहतात, की प्रकार तिथे घडला? बोलताना आपण दोन्ही गोष्टी सर्रास एकत्र करतो. नकाशावर टिंब टेकवायची वेळ आली की मात्र ठरवावंच लागतं. टिंब मुलाच्या घरावर टेकवलं तर एक नकाशा तयार होतो, घटनास्थळावर टेकवलं तर दुसराच. आणि दोन्ही नकाशे बघून सुचणारे उपायही वेगवेगळे असतात.

आधी साधनाबद्दल थोडं. भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे जीआयएस, हे नाव भारदस्त आहे, काम त्या मानाने साधं. प्रत्येक नोंदीला अक्षांश-रेखांश जोडायचे आणि एकेका विषयाच्या नोंदींचा एकेक थर करून ते थर एकाच नकाशावर चढवायचे. घटनांचा थर, शाळांचा थर, मैदानांचा, दारूच्या दुकानांचा, पडीक इमारतींचा, बसथांब्यांचा. मग प्रश्न विचारायचे. शाळेपासून २०० मीटरच्या आत, दुपारी १ ते ४ या वेळात किती घटना घडल्या? त्यांतल्या किती पडीक इमारतीला लागून? हेच काम रजिस्टरं चाळून करायचं तर एखाद्या हवालदाराचा आठवडा जाईल. क्यूजीआयएससारखं मोफत सॉफ्टवेअर ते काही सेकंदांत करतं. अवघड भाग सॉफ्टवेअर चालवण्यात नाही, कोणता प्रश्न विचारायचा आणि आलेल्या उत्तरावर किती विश्वास ठेवायचा यात आहे.

घरावरची टिंबं: शिकागो

संगणक यायच्या कितीतरी आधी हे काम शिकागोत हाताने झालं होतं. जगातलं पहिलं बालन्यायालय १८९९ साली तिथेच, कुक काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा म्हणा), सुरू झालं. त्यामुळे मुलांच्या नोंदी आयत्या होत्या. क्लिफर्ड शॉ हे आधी प्रोबेशन ऑफिसर होते. मुलांच्या घरी जाणं, आईबापांशी बोलणं हे त्यांचं रोजचं काम. हेन्री मॅके त्यांचे सहकारी, आकड्यांत रमणारे. दोघांनी मिळून न्यायालयात आलेल्या मुलांचे घरचे पत्ते काढले आणि शहराच्या नकाशावर एका मुलाला एक टिंब दिलं. हे त्यांनी तीन कालखंडांसाठी केलं: १९००-०६, १९१७-२३ आणि १९२७-३३. प्रत्येक खंडात आठ हजारांच्या आसपास मुलं.

नुसत्या टिंबांवर ते थांबले नाहीत, हे महत्त्वाचं. जिथे माणसं जास्त तिथे टिंबंही जास्त पडणारच. म्हणून त्यांनी शहराचे साधारण चौरस मैलाचे तुकडे पाडले आणि त्या तुकड्यात राहणाऱ्या १० ते १६ वयाच्या दर शंभर मुलग्यांमागे किती जण न्यायालयात आले, असा दर काढला. चित्र स्वच्छ निघालं. मधल्या व्यापारी भागाला लागून असलेल्या, गिरण्या-कारखान्यांना खेटून असलेल्या पडक्या घरांच्या पट्ट्यात दर सर्वांत जास्त, आणि शहराच्या कडेकडे जावं तसा तो उतरत जातो.

इथपर्यंत कोणी म्हणेल, यात नवीन काय? नवीन पुढे आहे. या तीस-पस्तीस वर्षांत त्या पट्ट्यातली माणसं बदलली. आधी जर्मन, आयरिश आणि स्कँडिनेव्हियन होते. ते चार पैसे गाठीला बांधून बाहेर पडले, त्यांच्या जागी पोलिश आणि इटालियन आले, पुढे दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीय. भाषा बदलली, देव बदलला, जेवण बदललं. दर मात्र त्या पट्ट्यात उंचच राहिला. आणि तिथून बाहेर पडलेल्यांच्या मुलांचं प्रमाण नव्या भागात खाली आलं. ‘अमक्या जातीची पोरंच तसली’ हा त्या काळी अमेरिकेत अगदी प्रतिष्ठित लोकांच्या तोंडी असलेला सिद्धांत या नकाशांपुढे टिकेना. दोष रक्ताचा असता तर तो माणसांबरोबर गाडीत बसून उपनगरात गेला असता. तो जागेतच राहिला: सतत येणारी-जाणारी बिऱ्हाडं, शेजाऱ्याला शेजारी न ओळखणं, दुसऱ्याच्या मुलाला हटकायची कोणाची हिंमत किंवा इच्छा नसणं.

१९४२ मध्ये हे सगळं पुस्तकरूपाने आलं, पण शॉ त्याआधीच कामाला लागले होते. १९३०च्या दशकात त्यांनी ‘शिकागो एरिया प्रोजेक्ट’ सुरू केला. दक्षिण शिकागोतल्या पोलाद कारखान्यांच्या छायेत रसेल स्क्वेअर नावाची पोलिश वस्ती होती, सुरुवात तिथून झाली. बाहेरून तज्ज्ञ आणून बसवायचे नाहीत, वस्तीतल्याच माणसांनी मुलांचे क्लब, खेळ, शिबिरं चालवायची, सुटून आलेल्या मुलाला हाताशी धरायचं, असं त्याचं स्वरूप होतं. ती संस्था आजही चालू आहे.

जाता जाता एक मुंबईचा धागा. त्याच शिकागोत शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट मिशनच्या कामासाठी मुंबईत आले आणि १९२०च्या दशकात नागपाड्यात ‘नेबरहूड हाउस’ चालवू लागले. १९३६ साली तिथूनच समाजकार्याची ती शाळा निघाली जिला आज आपण टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) म्हणून ओळखतो. वस्तीत बसून वस्तीचं काम करायचं, ही शिकवण आपल्याकडे तेव्हापासूनची आहे.

शॉ-मॅके यांच्या नकाशात एक मोठी खोट होती आणि ती आजच्या संगणकी नकाशातही जशीच्या तशी आहे. टिंब पडतं ते न्यायालयात पोचलेल्या मुलाचं. बंगल्यातल्या पोराने गाडी ठोकली तर मामला साहेबाच्या केबिनमध्ये मिटतो, चाळीतल्या पोराने सायकल उचलली तर त्याचा कागद होतो. म्हणजे नकाशावर मुलांच्या वागण्याबरोबर यंत्रणेचं वागणंही उमटलेलं असतं, आणि दोन्ही वेगळं काढायची सोय नसते.

घटनास्थळावरची टिंबं: सिएटल

गुन्हेशास्त्रज्ञ डेव्हिड वाइझबर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्याच सिएटल शहरात दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. मूल राहतं कुठे हे बाजूला ठेवून, अल्पवयीनाला अटक झाली ती घटना घडली कुठे, हे त्यांनी पाहिलं. आणि मोजमापाचं एकक वस्ती किंवा वॉर्ड न घेता रस्त्याचा एक तुकडा घेतलं: एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंत, दोन्ही बाजू धरून. शहरात असे पंचवीस हजारांहून जास्त तुकडे. १९८९ ते २००२ अशी चौदा वर्षांची आकडेवारी.

निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या हजारो तुकड्यांपैकी अवघ्या ८६ तुकड्यांवर अल्पवयीनांच्या अटकेच्या एक तृतीयांश घटना घडल्या होत्या. टक्क्यांत मांडायचं तर अर्ध्या टक्क्याहूनही कमी रस्ते. शिवाय एक वर्ष इथे, एक वर्ष तिथे असा प्रकार नव्हता. चौदा वर्षांत बहुतेक त्याच जागा तापलेल्या राहिल्या.

त्या जागा कोणत्या, हे वाचलं की आपण कल्पना केलेली अंधारी बोळं गळून पडतात. शाळा, मुलांची केंद्रं, मॉल आणि दुकानं, खाण्यापिण्याची ठिकाणं. थोडक्यात, जिथे मुलं एरवीही जमतात तिथेच. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या विचाराशी हे नेमकं जुळतं. गुन्हा व्हायला तीन गोष्टी एका वेळी एका जागी याव्या लागतात: करायला तयार असलेलं कोणीतरी, हाताशी असलेलं सावज किंवा वस्तू, आणि हटकणाऱ्याची गैरहजेरी. यातली तिसरी गोष्ट म्हणजे पोलीसच असं नाही. पानवाला, वॉचमन, गॅलरीत बसलेली आजी, शाळेचा शिपाई, कोणीही चालतं. मुलांच्या बाबतीत तर आजीच जास्त चालते.

आता दोन्ही नकाशे शेजारी ठेवून बघा. घराचा नकाशा सांगतो की मदत कुठे न्यायची: अभ्यासिका, समुपदेशक, वडिलांचं दारूचं व्यसन सोडवणं, शाळा सुटलेल्या पोराला पुन्हा वर्गात बसवणं. हे वर्षानुवर्षांचं काम. घटनास्थळाचा नकाशा सांगतो की अमुक चौकात, अमुक वेळी, काहीतरी बदला. हे महिन्याभरात होण्यासारखं. गफलत होते ती घराचा नकाशा हातात घेऊन त्या वस्तीत पोलिसांची गाडी फिरवत ठेवली की. मुलगा राहतो एकीकडे, भांडतो तीन थांब्यांपलीकडच्या क्लासबाहेर, आणि गस्त चालू असते त्याच्या आईच्या दारात.

घड्याळ विसरलात तर नकाशा फुकट

अमेरिकेत वर्षानुवर्षांच्या आकडेवारीतून एक गोष्ट पक्की झाली आहे. शाळेच्या दिवशी अल्पवयीनांचे हिंसक गुन्हे सर्वांत जास्त होतात ते दुपारी तीनच्या सुमारास, शाळा सुटल्या सुटल्या. सुट्टीच्या दिवशी हा उंचवटा रात्री सात-आठकडे सरकतो. तरीही तिथल्या कितीतरी शहरांनी वर्षानुवर्षं काय केलं, तर मुलांना रात्री घराबाहेर पडायला बंदी. आग दुपारी लागते आणि बंब रात्री उभा, असा कारभार.

ही वेळ उचलून आपल्याकडे लावता येणार नाही. आपल्या कितीतरी शाळा सकाळ आणि दुपार अशा दोन अधिवेशनांत भरतात. सकाळच्या अधिवेशनातला नववीचा मुलगा दुपारी साडेबाराला मोकळा, आईबाप कामावरून यायचे संध्याकाळी सातला. दुपारच्या अधिवेशनातला सकाळभर मोकळा, आणि सुटतो तेव्हा दिवेलागणीची गर्दी. आपला उंचवटा कुठे आहे, एक आहे की दोन, हे प्रत्येक शहराने आपल्या नोंदींतून शोधायला हवं. त्यासाठी एफआयआरमध्ये वेळ नीट लिहिलेली हवी, ‘सायंकाळच्या सुमारास’ अशी नको.

शाळा सुटण्याची वेळ आणि घरी जायचा रस्ता, या दोन गोष्टींवर शिकागोने एक योजना उभी केली आहे. २००९ मध्ये शाळेतून घरी जाणाऱ्या एका विद्यार्थ्याचा मारामारीत मृत्यू झाला आणि शहर हादरलं. त्यानंतर ‘सेफ पॅसेज’ आलं. शाळेभोवतीचे ठरावीक रस्ते नकाशावर आखून जाहीर केले जातात, आणि शाळा भरताना व सुटताना त्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर भडक रंगाची जाकिटं घातलेली मोठी माणसं उभी राहतात. हातात शस्त्र नाही, असतो तो वॉकीटॉकी किंवा फोन. बहुतेक जण त्याच भागातले, पगारी, मुलांना नावाने हाक मारणारे. २०१३ मध्ये शिकागोने पन्नासेक शाळा एका फटक्यात बंद केल्या, तेव्हा हजारो मुलांना दुसऱ्या टोळीच्या हद्दीतून नव्या शाळेत जायची पाळी आली, आणि ही योजना एकदम वाढवावी लागली. नंतरच्या एका अभ्यासात या रस्त्यांवरचे हिंसक गुन्हे सुमारे १४ टक्क्यांनी घटलेले आढळले. मुलांच्या संदर्भात नकाशाचा इतका सरळ वापर मला दुसरा माहीत नाही. कोणत्याही मुलावर शिक्का नाही, कोणाची यादी नाही. रस्ता ठरवला, वेळ ठरवली, माणूस उभा केला.

यावर हमखास येणारी शंका: इथे माणूस उभा केला तर पोरं पुढच्या गल्लीत जाणार नाहीत का? वाइझबर्ड यांनीच जर्सी सिटीत हे मुद्दाम तपासलं. गुन्हे उचलून शेजारच्या गल्लीत गेलेले फारसे दिसले नाहीत, उलट आजूबाजूलाही थोडा फायदा झालेला आढळला. कारण सोपं आहे. पुढच्या गल्लीत त्यांचे मित्र नसतात, वडापावची गाडी नसते, बसायला कठडा नसतो. जागेला लागलेली सवय सहज हलत नाही.

बॉस्टनचं उदाहरण याहून वेगळं, आणि माझ्या मते जास्त नाजूक. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे २४ वर्षांपर्यंतच्यांचे वर्षाला सरासरी ४४ खून होत होते. हार्वर्डच्या डेव्हिड केनेडी, अँथनी ब्रागा आणि अ‍ॅन पील यांनी शहराचा मोठा नकाशा टेबलावर पसरला आणि टोळ्यांविरोधी पथकातले पोलीस, प्रोबेशन ऑफिसर आणि रस्त्यावर मुलांमध्ये काम करणारे कार्यकर्ते यांना भोवती बसवलं. कुठली टोळी कुठे बसते, तिच्यात साधारण किती जण, तिचं कोणाशी वैर आणि कोणाशी दोस्ती, हे त्यांच्या डोक्यातलं ज्ञान कागदावर उतरवलं. ६१ टोळ्या निघाल्या, सभासद सुमारे १,३००, म्हणजे शहरातल्या त्या वयाच्या मुलांच्या एक टक्काही नाहीत. पण तरुणांच्या खुनांपैकी किमान ६० टक्के प्रकरणांत यांचा हात. १९९६ पासून या टोळ्यांना समोरासमोर बसवून सांगितलं गेलं, की गोळी चालली तर पूर्ण टोळीवर सगळ्या यंत्रणा एकदम येतील, आणि बाहेर पडायचं असेल तर नोकरी, शिक्षण, मदत इथे आहे. १९९७ मध्ये आकडा १५ वर आला. त्याच काळात अमेरिकेत इतरत्रही खून कमी होत होते, त्यामुळे याचं श्रेय किती हा वाद अजून मिटलेला नाही. मला यातली लक्षात ठेवण्यासारखी वाटते ती पद्धत. उत्तम नकाशा कुठल्याही डेटाबेसमध्ये तयार नव्हता, तो बीटवर फिरणाऱ्या माणसांच्या डोक्यात होता.

लाल डाग कसा तयार होतो, आणि कसा फसवतो

बातम्यांत दिसणारा नकाशा बहुतेकदा ‘हीटमॅप’ असतो: कुठे गडद लाल, कुठे फिका पिवळा. तो करताना सॉफ्टवेअर प्रत्येक टिंब टीपकागदावर पडलेल्या शाईच्या थेंबासारखं पसरवतं. मध्ये गडद, कडेला विरळ. दोन-चार थेंब जवळ पडले की डाग गडद होतो. थेंब किती पसरू द्यायचा हे नकाशा करणारा ठरवतो. १०० मीटर ठेवलं तर चौक वेगवेगळे दिसतात. ५०० मीटर केलं तर तीच टिंबं मिळून एक अख्खी वस्ती लाल होते. आकडे तेच, बातमी वेगळी. त्यामुळे कोणी हीटमॅप पुढे केला तर पहिला प्रश्न विचारावा: त्रिज्या किती घेतली?

दुसरा प्रश्न: भागिले काय? दादर स्टेशनचा किंवा स्वारगेटचा गुन्ह्याचा दर तिथल्या रहिवाशांच्या संख्येने भागून काढला तर भलताच आकडा येईल, कारण तिथून रोज लाखो माणसं नुसती ये-जा करतात. मुलांच्या घराचा नकाशा असेल तर त्या वयाच्या मुलांच्या संख्येने भागायला हवं, एकूण लोकसंख्येने नव्हे.

तिसरा प्रश्न पत्त्याचा, आणि इथे आपली खरी पंचाईत आहे. २००९ साली लॉस एंजेलिस पोलिसांच्या जाहीर नकाशावर शहरातली सर्वांत गुन्हेगारीग्रस्त जागा कोणती दिसत होती, तर पोलीस मुख्यालयापासून हाकेच्या अंतरावरची. तिथल्या वर्तमानपत्राने शोध घेतला. ज्या गुन्ह्याचा पत्ता कळत नसे, तो संगणक गुपचूप त्या एका ठरावीक बिंदूवर नेऊन टाकत होता. ज्या देशात घर क्रमांक रस्त्याच्या क्रमाने लागतात तिथे ही गत. आपल्याकडे एफआयआरच्या छापील नमुन्यात घटनास्थळाच्या रकान्यात ‘पोलीस ठाण्यापासून दिशा व अंतर’ असं असतं, आणि त्यात भरलेलं असतं ‘पूर्वेस अंदाजे २ किमी’. पुढे पत्ता: ‘अमुक हॉटेलसमोर, तमुक मंदिराच्या मागील मोकळ्या जागेत’. माणसाला हे छान कळतं. संगणक ‘मंदिर’ शोधून गावातलं पहिलं सापडलेलं मंदिर धरतो. उपाय महागडा नाही. पंचनामा करायला गेलेल्या अंमलदाराने जागेवर उभं राहून फोनवर ठिकाण टिपून घेतलं की झालं. वर्षभर हे नीट केलं तर जेवढं हाती लागेल तेवढं कुठलंही परदेशी सॉफ्टवेअर विकत घेऊन लागणार नाही.

आणि चौथा प्रश्न: न नोंदलेल्याचं काय? वेल्समधल्या कार्डिफचे जोनाथन शेपर्ड हे तोंड-जबड्याचे शल्यविशारद. मारामारीत फुटलेले जबडे शिवता शिवता त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याकडे येणाऱ्या बहुसंख्य जखमींची पोलिसांकडे नोंदच नाही. जखमींत तरुण पोरांचा भरणा. त्यांनी अपघात विभागाच्या खिडकीवर दोन-तीन साधे प्रश्न विचारायला लावले: मार कुठे बसला, केव्हा, कशाने? नाव-गाव गाळून ती माहिती दर महिन्याला पोलीस आणि महापालिकेकडे जाऊ लागली. रस्ते वाहनांना बंद करणं, गस्तीच्या वेळा बदलणं, दारूच्या गुत्त्यांवर लक्ष ठेवणं असे उपाय त्यावरून ठरले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात कार्डिफमध्ये हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण तशाच इतर शहरांच्या तुलनेत ४२ टक्क्यांनी कमी आढळलं. आपल्या सरकारी रुग्णालयांत मारहाणीच्या केसला एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची मेडिको-लीगल नोंद, होतेच. त्यात नेमकी जागा टिपली जात नाही, एवढंच.

नकाशावरून यादीवर घसरण

जागेचा नकाशा तयार झाला की कोणालातरी हुक्की येते, आता मुलांचाच अंदाज बांधू या. फ्लोरिडातल्या पास्को काउंटीत शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, कार्यालयाने ते केलं. शाळेतले गुण, गैरहजेरी, आणि कहर म्हणजे घरी त्या मुलावर झालेल्या अत्याचाराच्या नोंदी एकत्र करून ‘पुढे गुन्हेगार होऊ शकतील’ अशा चारशेहून जास्त विद्यार्थ्यांची यादी बनवली. मुलांना किंवा आईबापांना पत्ताच नाही. २०२० मध्ये ‘टँपा बे टाइम्स’ने हे उघडकीला आणलं आणि त्या वृत्तमालेला पुढच्या वर्षी पत्रकारितेतलं मानाचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. ज्या मुलाने घरी मार खाल्ला, त्याला त्याबद्दल पोलिसांच्या यादीत जागा.

यादी नसली तरी चक्र सुरू होऊ शकतं. भूकंपानंतरच्या धक्क्यांचं गणित वापरून पुढचा गुन्हा कुठे होईल हे सांगणारं ‘प्रेडपोल’ हे सॉफ्टवेअर अमेरिकेत गाजलं. अडचण अशी, की जिथे पोलीस जास्त पाठवले तिथे जास्त नोंदी होतात, नोंदी वाढल्या म्हणून यंत्र पुन्हा तिथेच पोलीस पाठवायला सांगतं. किरकोळ प्रकारांत, म्हणजे अल्पवयीनांच्या बहुतेक प्रकारांत, हे सर्वांत जास्त होतं. खून कुठेही झाला तरी नोंदला जातो, पण कठड्यावर सिगारेट ओढणारं टोळकं पोलीस तिथे असला तरच नोंदलं जातं. सांताक्रूझ शहराने २०२० मध्ये असल्या भाकितांवर बंदी घातली, त्याच वर्षी लॉस एंजेलिस पोलिसांनीही ते सॉफ्टवेअर बंद केलं.

आपल्याला यासाठी अमेरिकेकडे बघायचीही गरज नाही. १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती ‘गुन्हेगार’ ठरवल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणात त्यांची सेटलमेंट होती, हजेरी द्यावी लागे, आणि आत जन्मलेलं मूल जन्मतःच संशयित. कायदा १९५२ मध्ये गेला. पण पारधी वस्तीतल्या पोराला चोरी झाली की आजही आधी उचललं जातं, हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. अशा जमिनीवर मुलांच्या घरांचा लाल नकाशा पोलीस ठाण्यात टांगला, तर तो कशासाठी वापरला जाईल याचा अंदाज बांधायला संगणक लागत नाही.

कायदाही इथे आड येतो आणि यायलाच हवा. बाल न्याय अधिनियम २०१५च्या कलम ७४ नुसार मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील जाहीर करता येत नाही. केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आठ खोल्यांच्या चाळीवर एक टिंब म्हणजे नाव जाहीर करण्यासारखंच. ब्रिटनमध्ये पोलिसांच्या जाहीर नकाशावर यासाठी एक युक्ती आहे. गुन्हा खऱ्या जागी न दाखवता जवळच्या ठरवून दिलेल्या बिंदूवर सरकवतात, आणि असा बिंदू निवडताना त्याच्या परिसरात किमान आठ पत्ते असतील (किंवा एकही नसेल) याची खात्री करतात.

आपल्याकडे करायचं तर

२०२२ मध्ये देशात अल्पवयीनांनी केल्याचे ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले, त्यांत महाराष्ट्राचे ४,४०६, सर्व राज्यांत जास्त. ताब्यात घेतलेल्यांपैकी पाचातले जवळपास चार जण १६ ते १८ वयाचे. हे आकडे राज्य, शहर किंवा जिल्हा एवढ्याच मापाने मिळतात. सिएटलचा धडा हा, की जिल्ह्याच्या आकड्यावरून कोणता चौक, हे कधीच कळत नाही.

समजा, एका महापालिकेचा एक वॉर्ड घेतला. घटनास्थळाचा थर विशेष बाल पोलीस पथकाकडून, नावं गाळून, वेळेसकट. शाळा, त्यांची अधिवेशनं आणि सुटण्याच्या वेळा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडून. मैदानं, उद्यानं, अभ्यासिका आणि ती खरोखर उघडी असण्याच्या वेळा मात्र जाऊन पाहाव्या लागतील, कारण कागदावर उघडं असलेलं उद्यान दुपारी १२ ते ४ कुलूपबंद असतं आणि मैदानावर मांडव पडलेला असतो. मुलं नेमकी मोकळी असतात त्या वेळी उद्यानाला कुलूप, ही गोष्ट एकदा थरावर थर ठेवून नगरसेवकासमोर धरली, तर वाद घालायला फारशी जागा उरत नाही. पडीक जागांचाही थर हवा. फिलाडेल्फियात ओसाड प्लॉट साफ करून हिरवळ आणि कमरेइतकं कुंपण घातलं. ५४१ प्लॉटांवर केलेल्या या प्रयोगात गरीब वस्त्यांमधली बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी घटली, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडे बंदुका फारशा नाहीत, पण मोडकळीला आलेल्या इमारतींचे तळमजले आणि अर्धवट सोडलेली बांधकामं भरपूर.

आणि एक थर मुलांकडून. दहा-बारा मुलामुलींना वस्तीचा मोठा छापील नकाशा आणि रंगीत टिकल्या द्यायच्या. कुठे भीती वाटते तिथे लाल, कुठे बसायला आवडतं तिथे हिरवी, मोठी पोरं कुठे अडवतात तिथे काळी. मुलींना वेगळा नकाशा द्यावा, कारण मुलांसमोर त्या लाल टिकली लावत नाहीत. पोलिसांच्या थरात जो कोपरा कोरा असतो तिथे इथे काळ्या टिकल्यांची गर्दी दिसू शकते. मार खाल्लेलं मूल तक्रार द्यायला ठाण्यात जात नाही, ते रस्ता बदलतं.

घरांचा थर यात घेऊच नये, असं माझं मत आहे. तो बालकल्याणाचं काम करणाऱ्यांकडे राहावा, तोही वस्तीनिहाय आकड्यांत, आणि पाचापेक्षा कमी आकडा असलेल्या वस्त्या नकाशावर रिकाम्याच ठेवाव्यात.

वर्षाने मोजणी करताना तुलनेला दुसरे, काहीच न केलेले चौकही घ्यावे लागतात, नाहीतर सगळीकडेच कमी झालेल्या गुन्ह्यांचं श्रेय आपल्या कुलूप काढलेल्या उद्यानाला जाईल. आणि एखाद्या चौकातली टिंबं एकदम नाहीशी झाली, तर आधी तिथला बीट अंमलदार बदलला का, हे विचारून घ्यावं.